आपला प्रांत आपल्याच कामात शोधावा

चित्रकलेत नव्याने पाऊल टाकणाऱ्या मंडळींशी बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास पुढे येतो: मी नेमके कोणत्या प्रकारचे काम करावे, म्हणजे लोक मला ओळखू लागतील? या प्रश्नामागची काळजी खरी असते. निसर्गचित्र, व्यक्तिचित्र, अमूर्त रचना, पुस्तकांसाठीची रेखाटने, मुद्राचित्र (कोरलेल्या ठशावरून कागदावर छापलेले चित्र) असे सगळे थोडेथोडे जमत असते. इन्स्टाग्राम उघडावे तर त्याहून सफाईदार काम करणारे असंख्य हात दिसतात. आणि कोणीतरी बजावून सांगितलेले असते की स्वतःचा एक खास प्रांत ठरवल्यावाचून आणि स्वतःचा ब्रँड उभा केल्यावाचून आजच्या कलाकाराला गत्यंतर नाही. या सल्ल्यात तथ्य आहे, परंतु तो बहुतेक वेळा उलट्या क्रमाने दिला जातो. आधी बाजारात मोकळी जागा हेरावी आणि मग त्या जागेला साजेसे काम करावे, असे त्यात गृहीत धरलेले असते. अनेक वर्षे जलरंगात काम केल्यानंतर आणि इतर कलाकारांची वाटचाल जवळून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की आपला प्रांत आपण आधीच करून ठेवलेल्या कामात दडलेला असतो आणि तो तिथूनच शोधून काढावा लागतो. ब्रँड त्यामागून येतो.

बाजारापासून सुरुवात करण्यातली मोठी अडचण व्यावहारिक आहे. एखादी शैली लोकप्रिय झाल्याचे आपल्या कानावर येते तोवर ती करणाऱ्यांची गर्दी झालेली असते, आणि आपला हात त्या शैलीवर बसेपर्यंत पाहणाऱ्यांचे मन तिच्यावरून उडालेले असते. त्याहून महत्त्वाचे असे की ओळख निर्माण व्हायला जो काळ लागतो तो महिन्यांत मोजण्यासारखा नसतो. ज्या विषयात आपल्याला स्वतःला काही शोधायचे नाही, त्या विषयावर वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसतानाही, काम करत राहणे फार थोड्यांना शक्य होते. म्हणून एखादा प्रांत आपला आहे की नाही याची कसोटी मी अशी मानते: या विषयावरचे पुढचे चित्र विकले जाणार नाही असे कोणी आधीच सांगितले, तरी ते करून पाहावेसे वाटेल का?

आता शोध कसा घ्यायचा, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. गेल्या काही वर्षांतले जेवढे काम हाताशी असेल तेवढे एका वेळी, एका खोलीत, जमिनीवर किंवा भिंतीवर मांडावे. त्यात पूर्ण झालेली चित्रे तर असावीतच, पण वह्यांतली रेखाटने, अर्धवट सोडलेले कॅनव्हास आणि कंटाळवाण्या बैठकींत कागदाच्या कोपऱ्यावर काढलेल्या आकृत्याही असाव्यात. या शेवटच्या गटाला मी फार महत्त्व देते, कारण तिथे कोणाला काही दाखवायचे नसते. मग चांगले-वाईट असा निवाडा न करता केवळ पुनरावृत्ती शोधावी. कोणता आकार पुन्हा पुन्हा येतो, प्रकाश बहुधा कोणत्या बाजूने येतो, रंग किती उरतात, माणसे असतात की नसतात, असली तर पाठमोरी असतात का, आपण दुरून पाहतो की अगदी जवळ जाऊन. हे सर्व लिहून काढावे आणि मग दोन-तीन विश्वासू माणसांना, ज्यांतला किमान एक जण चित्रकार नसावा, तेच काम दाखवून त्यांना काय दिसते ते विचारावे. आपल्या नोंदी त्यांना आधी वाचून दाखवू नयेत.

माझी चित्रे निसर्गचित्रे म्हणून प्रदर्शनांत लागत असत, आणि तशी ती होतीही. परंतु सगळी एकत्र मांडल्यावर दिसले की ज्या चित्रांपाशी लोक थांबत, आणि जी करताना मला वेळेचे भान राहिले नव्हते, त्यांत जवळजवळ नेहमी आत आणि बाहेर यांच्या मधली एखादी कड होती: उंबरठा, खिडकीची चौकट, अर्धे उघडे दार, जिन्याचा शेवटचा टप्पा. झाडे आणि आकाश त्या कडेच्या पलीकडे होते. हे लक्षात आल्यावर मी काही नवे स्वीकारले असे म्हणता येणार नाही. जे आधीपासून चालले होते त्याकडे रोख वळवला, एवढेच.

यातून एक गोष्ट ध्यानात यावी की प्रांत म्हणजे केवळ विषय नव्हे. ‘मी पक्ष्यांची चित्रे काढतो’ या वाक्याने फारसे काही ठरत नाही, कारण पक्षी हजारो लोक काढतात. विषय, माध्यम, पाहण्याची रीत आणि ज्यांच्यासाठी आपण काम करतो ते लोक, या चारांच्या छेदावर आपली जागा असते, आणि त्यांतली पाहण्याची रीत सर्वांत टिकाऊ असते असे मला वाटते. इटलीतल्या बोलोन्या शहरात राहणाऱ्या जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) या चित्रकाराने आयुष्याचा बहुतांश काळ बाटल्या, फुलदाण्या, डबे आणि वाडगे एवढ्याच वस्तूंची स्थिरचित्रे केली. स्थिरचित्र हा काही त्याचा शोध नव्हता. तो प्रकार शतकानुशतके चालत आलेला होता. त्याने मात्र बाटल्यांवरची लेबले काढून टाकली, काही वस्तूंना रंग देऊन त्यांची चमक मारली, त्यांवर धूळ साचू दिली, म्हणजे वस्तूची जात मागे पडून उरेल तो आकार, त्याचे वजन आणि शेजारच्या आकाराशी त्याचे अंतर. बाटली बोटभर सरकवली की त्याच्या दृष्टीने ते वेगळे चित्र होते. इतक्या अरुंद पट्ट्यात काम करणाऱ्या या माणसाला १९५७ साली साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. अरुंद प्रांतात दम कोंडेल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी मोरांदीची चार-पाच चित्रे शेजारी ठेवून शांतपणे पाहावीत.

प्रांत सापडल्याची शंका आली की तो तपासून पाहण्याचा माझ्या माहितीतला उत्तम उपाय म्हणजे मालिका. एकच विषय, एकच आकार, ठरावीक रंग, आणि बदलणारी फक्त एक गोष्ट. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने मे १८९१ मध्ये पॅरिसमध्ये कलाविक्रेते द्युरां-र्युएल यांच्या गॅलरीत गवताच्या गंजींची पंधरा चित्रे एकत्र मांडली. गंजी त्याच, बदलत होता तो ऋतू, प्रहर आणि त्याबरोबरचा प्रकाश. एकेकटे पाहिले असते तर ते शेतातले एक साधे दृश्य ठरले असते. एकत्र पाहिल्यावर पाहणाऱ्याला कळले की हा माणूस प्रकाशाचा पाठलाग करतो आहे. मालिकेचा लाभ हा असा दुहेरी असतो. आपल्याला समजते की या विषयात किती खोल जाता येते, आणि पाहणाऱ्याला आपल्या कामाची चावी मिळते. मालिका अर्ध्यावर कोरडी पडली तर तेही उत्तरच असते. ती मोकळ्या मनाने बाजूला ठेवावी आणि नोंदींकडे परत जावे.

घाई मात्र करू नये, आणि वयाचे गणित तर मुळीच मांडू नये. भारतीय चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले, तिथे निसर्गचित्रांपासून मुक्त रंगलेपनापर्यंत बरेच काही केले आणि आज ज्या बिंदूने त्यांना ओळखले जाते तो त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. बालपणी शिक्षकांनी मन एकाग्र व्हावे म्हणून भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले होते, अशी आठवण ते सांगत. म्हणजे बीज लहानपणीचे होते आणि ते ओळखीचे व्हायला मधली सगळी चित्रे व्हावी लागली. जपानचा चित्रकार होकुसाई (१७६०–१८४९) याने आयुष्यात तीसहून अधिक नावे बदलली, ज्याला आपण आज ब्रँडचा पहिला नियम मानतो त्याच्या नेमके उलट केले, आणि फुजी पर्वताच्या ज्या दृश्यांमुळे जग त्याला ओळखते ती मालिका त्याने सत्तरीच्या आसपास हाती घेतली. नावात छत्तीस दृश्ये असलेली ती मालिका इतकी चालली की आणखी दहा दृश्ये जोडावी लागली. होकुसाईचे नाव बदलत राहिले तरी रेषा त्याचीच राहिली. ही गोष्ट मला लोगो आणि रंगसंगती ठरवण्यात महिने घालवणाऱ्या मित्रांना आवर्जून सांगाविशी वाटते.

आता ब्रँडविषयी. अनेक कलाकारांना या कल्पनेचाच तिटकारा असतो. आपण साबण किंवा चपला विकत नाही, असे ते म्हणतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करते, पण कलाकाराने आपली ओळख जपण्यासाठी धडपडणे ही आधुनिक काळाने लादलेली गोष्ट आहे, हे मला मान्य नाही. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूरर (१४७१–१५२८) आपल्या मुद्राचित्रांवर ए या अक्षराच्या पायांत डी बसवलेले चिन्ह उमटवत असे. १४९८ मध्ये त्याने काष्ठमुद्रांचे, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांचे, एक मोठे पुस्तक स्वतःच प्रकाशित केले. त्याची पत्नी आग्नेस जत्रांमध्ये जाऊन मुद्राचित्रे विकत असे. इटलीत मार्कान्तोनियो राइमोंदी या मुद्राचित्रकाराने ड्यूररच्या काष्ठमुद्रांच्या नकला तांब्याच्या पत्र्यावर कोरून केल्या, आणि त्याही चिन्हासकट. कलाकारांची चरित्रे लिहिणाऱ्या सोळाव्या शतकातल्या वासारीने लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार ड्यूररने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांकडे दाद मागितली तेव्हा त्याला एवढाच न्याय मिळाला की राइमोंदीने यापुढे ते चिन्ह वापरू नये. चित्राच्या नकलेबद्दल काही मिळाले नाही. या हकिकतीत मला सगळ्या विषयाचा गाभा दिसतो. प्रतिमेची नक्कल होऊ शकते आणि होतेच. पण या चिन्हाखाली जे येते ते विशिष्ट हाताने, विशिष्ट कसोटीवर उतरवलेले आहे, ही खात्री ज्याची त्यालाच द्यावी लागते, आणि लोक पैसे देतात ते बऱ्याच अंशी त्या खात्रीसाठी.

खात्री निर्माण करणारी कामे बहुतेक कंटाळवाणी असतात आणि म्हणूनच ती राहून जातात. प्रत्येक चित्राचे नाव, वर्ष, माध्यम, आकार आणि ते सध्या कोणाकडे आहे याची नोंद ठेवावी. छायाचित्र विखुरलेल्या सौम्य प्रकाशात, कॅमेरा चित्राच्या बरोबर समोर आणि समांतर ठेवून घ्यावे, आणि पडद्यावर रंग भडक करण्याचा मोह टाळावा. प्रत्यक्ष चित्र हाती आल्यावर ज्याचा हिरमोड होतो तो ग्राहक पुन्हा येत नाही. सही एकाच पद्धतीने करावी. मुद्राचित्रांच्या प्रती मर्यादित असल्याचे सांगितले असेल तर प्रतीवर लिहिलेली संख्या हा आपण दिलेला शब्द समजावा. पंचवीस प्रतींचा संच संपल्यावर मागणी आली म्हणून सव्विसावी काढणे ही पहिल्या पंचवीस जणांशी केलेली प्रतारणा आहे.

किमतीबद्दल स्पष्ट बोलणे कलाकार टाळतात. तत्त्व सोपे आहे: त्याच आकाराच्या, त्याच माध्यमातल्या आणि त्याच काळातल्या चित्रांच्या किमतींत कारणाशिवाय तफावत असू नये, आणि गॅलरीत लावलेली किंमत स्टुडिओत येऊन कमी होऊ नये. गॅलरी विक्रीच्या रकमेतला मोठा वाटा, पुष्कळदा निम्मा, घेते. तो हिशेब आधीच धरून किंमत ठरवावी. ओळखीच्या माणसाला सवलत द्यायची असेल तर ती सवलत म्हणून कागदावर दाखवावी, म्हणजे मूळ किंमत अबाधित राहते. किंमत वाढवणे सोपे असते, कमी करणे आधीच्या प्रत्येक खरेदीदाराला दुखावणारे असते, त्यामुळे सुरुवात थोडी खालून करण्यात शहाणपण आहे. मूळ चित्र विकले म्हणजे त्याच्या पुनर्मुद्रणाचा हक्कही विकला असा समज सर्रास आढळतो. बहुतेक देशांच्या कायद्यांनुसार लेखी करार केल्याशिवाय तो हक्क कलाकाराकडेच राहतो, आणि हे विक्रीच्या पावतीवर एका ओळीत लिहून ठेवावे.

स्वतःच्या कामाविषयीचे निवेदन लिहिण्यावर मी बराच वेळ खर्च करण्याचा सल्ला देते, कारण ते लिहिताना आपला प्रांत आपल्यालाच नेमका कळतो. ‘माझी कला मानवी भावनांचा शोध घेते’ हे वाक्य कोणाच्याही चित्राखाली चिकटवता येते, म्हणून ते कोणाच्याच कामाचे नाही. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसते तिथून सुरुवात करावी: मी काय काढते, कशाने काढते, त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा का जाते. एक चाचणी अशी करता येते की निवेदन एखाद्याला वाचायला द्यावे आणि मग पाच वेगवेगळ्या कलाकारांची चित्रे त्याच्यासमोर ठेवावीत. वाचणाऱ्याला आपले चित्र ओळखता आले नाही, तर निवेदन पुन्हा लिहावे.

समाजमाध्यमांचा उपयोग करावा, पण त्यांवर घर बांधू नये. तिथले नियम आपण ठरवत नाही, आणि ज्या दिवशी ते बदलतात त्या दिवशी जमवलेले हजारो अनुयायी आपल्या नव्या चित्रापर्यंत पोहोचतीलच असे नसते. स्वतःच्या नावाची साधी वेबसाइट आणि ज्यांनी आपणहून ईमेल पत्ता दिला आहे अशा लोकांची यादी, या दोन गोष्टी संख्येने लहान असल्या तरी आपल्या हातात राहतात. अशा यादीतल्या शंभर माणसांनी वर्षातून तीन-चार वेळा आलेले पत्र मनापासून वाचावे, याला मी हजारो क्षणिक पसंतींपेक्षा अधिक मोल देते. त्या पत्रात काय लिहावे, हा प्रश्न बिकट वाटतो खरा. माझा अनुभव असा की लोकांना कामाची प्रक्रिया जाणून घ्यायची असते: हा निळा रंग असा का उतरला, हे चित्र मध्येच का थांबले, या आकाराचा कागद का निवडला. स्वतःचे खासगी आयुष्य उघडे केल्याशिवाय ब्रँड होत नाही, असे आग्रहाने सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोरांदी बहिणींसोबत एका घरात अबोलपणे राहिला आणि त्याच्या चित्रांमागच्या माणसाबद्दल कोणालाही परकेपणा वाटत नाही.

राहतो तो बदलाचा प्रश्न, आणि तो कठीण आहे. ओळख झाली की लोक तेच मागू लागतात, गॅलरीही तेच मागते, आणि कलाकाराला मात्र काहीतरी वेगळे खुणावू लागते. फिलिप गस्टन हा अमेरिकन चित्रकार १९५० च्या दशकात नाजूक, तरल अमूर्त चित्रांसाठी नावाजला गेला होता. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत त्याने व्यंगचित्रांसारख्या जाड रेषांची, डोक्यावरून टोकदार बुरखे घेतलेल्या आकृत्यांची, बुटांची आणि सिगारेटींची चित्रे मांडली तेव्हा समीक्षकांनी त्याला धारेवर धरले. १९८० मध्ये त्याचे निधन झाले, आणि आज त्याची तीच उत्तरकालीन चित्रे अनेक तरुण चित्रकारांना अधिक जवळची वाटतात. यावरून प्रत्येकाने प्रांत बदलावा असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण बदलून हरवलेले कलाकारही पुष्कळ असतात आणि त्यांच्या कथा सांगितल्या जात नाहीत. गस्टनची दोन्ही टप्प्यांतली चित्रे शेजारी ठेवली तर तोच गुलाबी रंग, तोच ओला, जड हात दोन्हींत दिसतो. विषय उलटापालटा झाला, पण पाहण्याची रीत ओळखू येत राहिली.

म्हणून बदल करताना जुन्या मालिकेची नोंद तिच्या नावानिशी बंद करावी, नव्या कामाला वेगळे नाव द्यावे आणि नवे काम पुरेसे साठेपर्यंत ते जाहीर करू नये. एक-दोन चित्रांवरून लोक गोंधळतात, दहा-बारा एकत्र पाहिली की त्यांना दिशा समजते. जुन्या संग्राहकांना ती आधी, एकेकाला भेटून किंवा पत्राने दाखवावीत, आणि त्यांतल्या काहींना ती आवडणार नाहीत हे गृहीत धरून चालावे. मी स्वतः सध्या जलरंगाबरोबर काष्ठमुद्रा करू लागले आहे. लाकडावर कड कोरून काढावी लागते, कागदावर ती केवळ राखून ठेवावी लागत होती, आणि या फरकाने माझी दारे आणि जिने बरेच कठोर झाले आहेत. पुढच्या प्रदर्शनात ही दोन्ही कामे वेगवेगळ्या भिंतींवर लावावीत असा दालनचालकांचा आग्रह आहे. माझा कल ती एकत्र लावण्याकडे आहे, आणि त्यासाठी सध्या दोन्हींतली तीन-तीन कामे स्टुडिओतल्या एकाच भिंतीवर लावून, येणाऱ्या प्रत्येकाला मी काही न सांगता त्यांच्यासमोर उभे करते आहे.